गोळी फुटत होती, औषध विरघळत नव्हतं: स्टॅबिलिटीतल्या एका अपयशाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातला रेणू, तो ज्या आजारासाठी होता तो आजार आणि कंपनी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत आणि डिसोल्यूशनचे, म्हणजे ठरावीक वेळेत किती टक्के औषध विरघळलं त्याचे, आकडे पूर्णांकात दिले आहेत. मी एक्सआरडी आणि डीएससी चालवणाऱ्या, म्हणजे घन पदार्थाचं स्फटिकरूप तपासणाऱ्या गटात होते. साहजिकच फॉर्म्युलेशनच्या दालनातल्या अडचणी मला जेवढ्या बाहेरून दिसल्या तेवढ्याच इथे आल्या आहेत.

पार्श्वभूमी

औषध तोंडावाटे घ्यायचं होतं. रेणू उदासीन, त्यामुळे आम्ल किंवा अल्कलीशी जोडून त्याचं मीठ (सॉल्ट) करून विद्राव्यता वाढवायची सोय नव्हती. पाण्यात जवळजवळ न विरघळणारं, पण विरघळलं की आतड्यातून चांगलं शोषलं जाणारं, म्हणजे बीसीएस वर्गीकरणातल्या दुसऱ्या वर्गातलं. अशा औषधांत रक्तात किती औषध पोचणार हे बरंचसं विरघळण्याच्या वेगावर ठरतं.

मानवी चाचणीच्या पहिल्या टप्प्यात औषधाची नुसती पूड कॅप्सूलमध्ये भरून दिली होती. दुसऱ्या टप्प्यासाठी गोळी हवी होती. गोळीत औषधाचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं आणि स्फटिक सुईसारखे लांबट होते. अशी पूड फुगीर असते, हॉपरमधून, म्हणजे यंत्राच्या नरसाळ्यातून, नीट वाहत नाही. म्हणून फॉर्म्युलेशन गटाने वेट ग्रॅन्युलेशन, म्हणजे पूड ओली करून तिचे दाणे करणं, निवडलं: लॅक्टोज मोनोहायड्रेट, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, बाइंडर म्हणून पाण्यातलं पोव्हिडोन, फुटण्यासाठी क्रॉसकार्मेलोज सोडियम आणि शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट. हाय शिअर मिक्सरमध्ये ओलं करायचं, फ्लुइड बेड ड्रायरमध्ये वाळवायचं. अशा पूडीसाठी बहुतेकांनी हेच केलं असतं.

ओलाव्याची भीती कुणालाच नव्हती, कारण सुरुवातीच्या अहवालात एक ठाम वाक्य होतं: 'निर्जल स्फटिक, ओलावा शोषत नाही.' ते डीव्हीएसच्या प्रयोगावरून लिहिलं होतं. या यंत्रात पूड एका सूक्ष्म तराजूवर ठेवून आजूबाजूच्या हवेची आर्द्रता पायरीपायरीने वाढवतात आणि वजन किती वाढतं ते पाहतात. ९० टक्के आर्द्रतेपर्यंत वजन जवळपास हललंच नव्हतं. बहुरूपांचा, म्हणजे त्याच औषधाच्या वेगळ्या स्फटिकरूपांचा, शोधही झाला होता, पण तो सेंद्रिय द्रावकांत. औषध पाण्यात विरघळतच नाही तर पाण्यात ढवळून काय मिळणार, असा विचार त्यामागे होता. या वाक्याकडे पुढे परत यावं लागेल.

समस्या

तीन बॅचेस स्टॅबिलिटीवर ठेवल्या होत्या, म्हणजे ठरावीक उष्णतेत आणि आर्द्रतेत साठवून किती टिकतात ते पाहायला. त्यांना अ, ब आणि क म्हणू. बाटली जाड एचडीपीई प्लास्टिकची, आत ओलावा शोषणारी पुडी नाही. आयसीएच या औषधांचे नियम जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू१ए मार्गदर्शिकेनुसार नेहमीच्या दोन अवस्था होत्या: दीर्घकालीन २५ अंश सेल्सिअस व ६० टक्के आर्द्रता, आणि ॲक्सिलरेटेड, म्हणजे बिघाड लवकर दिसावा म्हणून मुद्दाम कडक ठेवलेली, ४० अंश व ७५ टक्के.

डिसोल्यूशनची पद्धत पॅडलची: ५० फेरे प्रतिमिनिट, ९०० मिलिलिटर माध्यम, ३७ अंश, माध्यमात ०.५ टक्के सोडियम लॉरिल सल्फेट, हा विरघळायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ. अट ४५ मिनिटांत क्यू, म्हणजे विरघळायला हवं ते ठरलेलं प्रमाण, ७५ टक्के. औषधकोशाच्या नियमाने पहिल्या पायरीत सहाही गोळ्या प्रत्येकी क्यू अधिक ५, म्हणजे ८० टक्क्यांवर हव्यात. त्यात नापास झालं तर आणखी सहा घेऊन बाराची सरासरी क्यूइतकी तरी हवी आणि एकही गोळी ६० च्या खाली नको. तिथेही अडलं तर चोवीस गोळ्यांची तिसरी पायरी.

सुरुवातीला तिन्ही बॅचेस ९५ च्या आसपास होत्या. ॲक्सिलरेटेडच्या तिसऱ्या महिन्याला ब बॅचची सहा गोळ्यांची सरासरी ६८ आली, बाराची ६९ आणि चोवीसचीही ७५ च्या खालीच. बारा गोळ्या नापास होणं हा क्यू१ए च्या भाषेत 'लक्षणीय बदल' आहे. अ आणि क पास झाल्या, पण ८७ आणि ८८ वर. २५ अंशांवरच्या तिन्ही बॅचेस जागच्या जागी होत्या.

बाकी सगळं निर्मळ होतं. औषधाचं प्रमाण गोळीत असायला हव्या त्या मात्रेच्या ९९ टक्क्यांवर, अशुद्धी वाढलेल्या नाहीत, गोळीचा रंग तोच. डिसइंटिग्रेशनची, म्हणजे गोळी फुटण्याची, वेळ पहिल्या दिवशी चार मिनिटांच्या आत होती, तीन महिन्यांनीही तेवढीच. गोळी आधीसारखीच फुटत होती, फक्त फुटल्यावर औषध विरघळायला वेळ घेत होतं. सगळ्या तक्त्यात हीच एक ओळ सर्वांत बोलकी होती आणि पहिले काही आठवडे तिच्याकडेच कोणी नीट पाहिलं नाही.

घाईचं कारणही होतं. अ बॅच दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी रुग्णालयांकडे जायला बांधून तयार होती.

पहिला निर्णय: पुन्हा चाचणी करायची का?

निकाल आला त्या दुपारी प्रकल्प पाहणाऱ्यांनी विश्लेषक मुलीला विचारलं, "अगं, पुन्हा एकदा लावून बघतेस का? फिल्टरचा काही घोळ असेल."

तिने सरळ नाही म्हटलं नाही. "लावते सर, पण आधी क्यूएच्या मॅडमशी बोलते," एवढंच म्हणाली. क्यूए म्हणजे गुणवत्ता हमी विभाग. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला योग्य निर्णय, आणि तो खोलीतल्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने घेतला.

नापास निकालावर पास येईपर्यंत चाचण्या करत राहणं किती महाग पडतं याचा दाखला १९९३ सालचा आहे. अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश वोलिन यांनी स्पष्ट केलं की कारण सापडल्याशिवाय नापास निकाल बाजूला सारता येत नाही आणि पुनर्चाचण्यांना मर्यादा हवी. अमेरिकी औषध प्रशासनाची 'ओओएस'ची, म्हणजे मर्यादेबाहेरच्या निकालांची, मार्गदर्शिका २००६ मध्ये आली, तिचा गाभाही तोच आहे: आधी प्रयोगशाळेतली चूक शोधा, सापडली तर कागदावर सिद्ध करा, नाही सापडली तर निकाल खरा माना.

क्यूएने तपास त्याच क्रमाने नेला. पॅडलची उंची आणि डगमग, माध्यमातली हवा काढली होती का, फिल्टर औषध धरून ठेवतो का, सोडियम लॉरिल सल्फेटचा लॉट, संदर्भ द्रावण, सगळं तपासलं. काहीही निघालं नाही. मग एक चांगली युक्ती केली. ब बॅचच्याच, पण पहिल्या दिवसापासून सीलबंद थंड जागी ठेवलेल्या गोळ्या त्याच दिवशी, त्याच यंत्रात, त्याच माध्यमात लावल्या. त्या ९४ वर आल्या. पद्धत ठीक होती. गोळी बदलली होती.

चुकीच्या दिशेने गेलेले आठवडे

फॉर्म्युलेशन गटाचा पहिला संशय क्रॉसकार्मेलोजवर गेला. ओलाव्याने डिसइंटिग्रंट, म्हणजे गोळी फोडणारा घटक, आधीच फुगतो आणि गोळीत त्याचा जोर उरत नाही, हे अनेकदा दिसतं, म्हणून तो संशय गैर नव्हता. पण तसं असतं तर गोळी फुटायला वेळ लागला असता. लागत नव्हता. तरीही क्रॉसपोव्हिडोन हा दुसरा डिसइंटिग्रंट घालून नव्या चाचणी बॅचेस सुरू झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तेव्हाही वाटलं होतं. पण हाताशी ओळखीचा उपाय असला की माणसं आधी तोच करून पाहतात, आणि उपाय चालू असताना 'कारण अजून सापडलेलं नाही' हे बैठकीत कोणी म्हणत नाही.

दिशा बदलली ती त्याच विश्लेषक मुलीच्या निरीक्षणाने. डिसोल्यूशन संपल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेला गाळ तिने ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. औषधाचे स्फटिक सुईसारखे असायला हवेत. गाळात मात्र पातळ पत्र्यासारखे स्फटिक होते. ती काचपट्टी घेऊन आमच्या खोलीत आली.

इथे आम्ही लगेच 'नवं रूप सापडलं' म्हणालो नाही. गाळ पाऊण तास पाण्यात होता. रूपांतर गोळीत आधीच झालं होतं की चाचणी चालू असताना माध्यमात झालं, हे गाळ सांगू शकत नाही. पहिल्या दिवसाच्या चांगल्या गोळ्यांचा गाळ पाहिला तर त्यातही थोडे पत्रे होते. म्हणजे हे औषध पाण्यात बदलतं हे कळलं, पण ब बॅच का नापास झाली याचं उत्तर कोरड्या गोळीतच शोधायला हवं होतं.

कोरड्या गोळीत शोधणं सोपं नव्हतं, आणि त्याला लॅक्टोज जबाबदार होतं. लॅक्टोज मोनोहायड्रेटमध्येच सुमारे ५ टक्के स्फटिकजल असतं. कार्ल फिशर नावाच्या चाचणीने गोळीतलं पाणी मोजलं तर बहुतेक ते लॅक्टोजचंच निघतं. डीएससीत, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या चाचणीत, पाणी सुटण्याचा खड्डा दिसला तर तोही लॅक्टोजचा असू शकतो. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिकावरून क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते पाहणाऱ्या चाचणीत, लॅक्टोजची ठळक शिखरं १२.५ आणि २० अंशांच्या कोनांच्या आसपास येतात आणि बरंच काही झाकतात. निव्वळ एक्सिपियंटच्या (पूरक घटकांच्या), औषध नसलेल्या गोळ्या स्टॅबिलिटीच्या कपाटात ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे वजाबाकी करायलाही काही नव्हतं.

मग आम्ही औषधाची शुद्ध पूड रात्रभर पाण्यात ढवळत ठेवली. सकाळी गाळून, हवेत वाळवून एक्सआरडी घेतला. आकृती पूर्णपणे वेगळी. तापवल्यावर जेवढं वजन घटलं ते औषधाच्या एका रेणूमागे पाण्याच्या एका रेणूशी जुळत होतं: मोनोहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारं रूप, पुढे नुसतं 'हायड्रेट'. आणि त्याचं एक शिखर ९ अंशांच्या आसपास होतं, जिथे लॅक्टोज काहीच दाखवत नाही. त्या कोनावर यंत्र सावकाश चालवून गोळ्यांची पूड पाहिली. नापास झालेल्या ब बॅचमध्ये शिखर उघड होतं. अ आणि क मध्ये एक छोटा उंचवटा होता, ज्यावर आमच्याच गटात दोन मतं होती.

ओलावा न शोषणारी पूड हायड्रेट कशी झाली?

हायड्रेटमुळे विरघळणं मंदावतं हे समजणं सोपं आहे. पाण्याच्या सान्निध्यात जे रूप जास्त स्थिर, तेच पाण्यात कमी विरघळतं. निर्जल रूप पाण्यात टाकलं आणि ते आपणहून हायड्रेट झालं, याचा अर्थच हायड्रेट पाण्यात अधिक स्थिर आणि म्हणून कमी विद्राव्य. कार्बामाझेपाइन हे अपस्माराचं औषध याचं प्रसिद्ध उदाहरण: दमट जागी ठेवलेल्या त्याच्या गोळ्यांची परिणामकारकता एक तृतीयांशापर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने १९९० च्या सुमारास दिला होता. त्या औषधाचा डायहायड्रेट (एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू) आज घनरूपाच्या अभ्यासक्रमात हटकून शिकवला जातो.

कोडं वेगळंच होतं. डीव्हीएसमध्ये ९० टक्क्यांनाही न हललेली पूड ७५ टक्क्यांवर बाटलीत कशी बदलली? आणि एकाच पाककृतीच्या तीन बॅचेसपैकी एकच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बॅच रेकॉर्डमध्ये होतं. ब बॅच चालू असताना ड्रायरचा ब्लोअर बंद पडला होता. ओलं मिश्रण झाकून ठेवलं आणि पुढच्या पाळीत वाळवलं. विचलनाची नोंद झाली होती आणि ती रीतसर बंदही झाली होती, कारण वाळवल्यानंतरचं 'लॉस ऑन ड्राइंग' मर्यादेत होतं. पण ती चाचणी पाणी किती उरलं हे सांगते. मधल्या वेळात स्फटिकाचं काय झालं हे सांगत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी जो प्रयोग केला तो या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता. खर्च नगण्य. बंद डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद काचपात्रात, साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, आणि २५ पासून ४० अंशांपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. सोडियम ब्रोमाइडच्या संपृक्त द्रावणावर ती ६० च्या खाली राहते. दोन्ही डेसिकेटर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि प्रत्येकात दोन नमुने: एक शुद्ध निर्जल पूड, दुसरी तीच पूड पण तिच्यात थोडा हायड्रेट घोटून मिसळलेला.

काही आठवड्यांनी मिठाच्या डेसिकेटरमधली शुद्ध पूड जशीच्या तशी होती. हायड्रेट मिसळलेली पूड मात्र बरीचशी हायड्रेट झाली होती. सोडियम ब्रोमाइडवर दोन्हींत हायड्रेट वाढला नाही.

डीव्हीएस खोटं बोललं नव्हतं. त्याने काही तासांत काय होतं ते सांगितलं होतं. नव्या रूपाचा पहिला स्फटिक तयार व्हायला मोठा अडथळा असतो, आणि कोरड्या पूडीत तो अडथळा महिनोन्‌महिने टिकू शकतो. वेट ग्रॅन्युलेशनच्या ओल्या मिश्रणात तो ओलांडला गेला आणि हायड्रेटचे बीजस्फटिक तयार झाले. ड्रायरने त्यातले बरेचसे परत निर्जल केले असावेत, सगळे नाही. ब बॅच रात्रभर ओली राहिल्याने तिच्यात बीजं जास्त होती. पुढे ७५ टक्के आर्द्रतेत ती वाढत गेली. ६० टक्क्यांवर वाढायला कारणच नव्हतं, कारण तिथे निर्जल रूपच स्थिर आहे. 'ओलावा शोषत नाही' हे वाक्य नुसत्या पूडीबद्दल खरं होतं. गोळीत गेलेली पूड आता तशी उरली नव्हती.

पर्याय

बैठकीत सर्वांत आधी मांडला गेलेला पर्याय सर्वांत सोपा होता: माध्यमातलं सोडियम लॉरिल सल्फेट ०.५ वरून वाढवायचं. त्याला शास्त्राचा आधारही दाखवता येत होता. 'सिंक', म्हणजे माध्यम औषधाने भरून जाऊ नये अशा, अवस्थेसाठी माध्यमाचं आकारमान संपृक्ततेला लागेल त्याच्या निदान तिप्पट असावं असा संकेत आहे, आणि हायड्रेटच्या विद्राव्यतेने हिशेब केला तर आपलं माध्यम अपुरंच पडतं, असं म्हणता आलं असतं. तसं केल्यावर ब बॅच पासही झाली. फॉर्म्युलेशन गटाने ते करून पाहिलं होतं.

यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. क्यूएच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "या नव्या माध्यमात चांगली गोळी आणि वाईट गोळी वेगळी ओळखू येते का?" येत नव्हती. दोन्ही ९० च्या वर जात होत्या. हायड्रेट आणि निर्जल यांतला फरक दाखवणारी आमच्याकडची एकच नित्याची चाचणी होती, आणि तिचं तोंड बंद करायचा हा प्रस्ताव होता. तो मागे घेतला गेला.

दुसरा युक्तिवाद जास्त गंभीर होता. २५ अंश आणि ६० टक्क्यांवर काहीच बिघडत नाही, चाचणीची रुग्णालयं वातानुकूलित साठवण करणार, मग पुढे जाऊ या. एका चाचणीपुरतं हे चाललंही असतं. पण उष्ण, अतिदमट हवामानाच्या देशांसाठी दीर्घकालीन अवस्थाच ३० अंश आणि ७५ टक्के आहे. औषध पुढे तिथे जाणार असेल तर आज पुढे ढकललेला प्रश्न दोन वर्षांनी, जास्त डेटा जमल्यावर आणि जास्त महाग होऊन परत येणार होता.

हायड्रेटलाच औषधाचं अधिकृत रूप करावं, हा विचार घनरूपाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक. स्थिर रूप घ्या, म्हणजे पुढे धक्का बसत नाही. रिटोनाव्हिरचं प्रकरण सगळ्यांच्या डोक्यात होतं. अ‍ॅबटचं ते एचआयव्हीचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं, आणि १९९८ मध्ये कमी विद्राव्य असं दुसरं स्फटिकरूप कॅप्सूलमध्ये अवतरल्यावर ती कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. पण आमच्या हायड्रेटचं शोषण कमी होण्याची दाट शक्यता होती आणि प्राण्यांवरचा, माणसांवरचा आतापर्यंतचा सगळा अभ्यास निर्जल रूपावर झाला होता. शिवाय उबदार, कोरड्या जागी हायड्रेटचं पाणी सुटलं असतं, म्हणजे तीच अडचण उलट बाजूने. हा पर्याय मी स्वतः काही काळ लावून धरला होता. आज विचारलं तर तेव्हाही तो चुकीचा नव्हता, फक्त त्या टप्प्यावर परवडणारा नव्हता असं म्हणेन.

पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ग्रॅन्युलेशन करणं शक्य होतं. ते आयसीएचच्या क्यू३सी मध्ये तिसऱ्या, म्हणजे कमी विषारी वर्गात आहे आणि ५००० पीपीएमपर्यंत चालतं. पण त्या दालनातली यंत्रणा ज्वलनशील वाफांसाठी सुरक्षित केलेली नव्हती, आणि तो विषय तिथेच संपला. नुसती पॅकिंग बदलणं, म्हणजे ओलावा शोषणारा डबा आणि घट्ट सील, आवश्यक होतं पण पुरेसं नव्हतं: बीजं आतच राहणार, बाटली रोज उघडली जाणार.

उरलं ड्राय ग्रॅन्युलेशन. पूड दोन रोलरमध्ये दाबून पट्टी करायची, ती दळून दाणे करायचे. पाणी कुठेच नाही.

दुसरा निर्णय: अ बॅच पाठवायची का?

अ बॅच पास झाली होती. कागदोपत्री ती पाठवायला आडकाठी नव्हती. पण ९ अंशांवरचा तो उंचवटा होता, आणि ९५ वरून ८७ वर येणं हा कल होता. प्रत्येक रुग्णापर्यंत गोळी वेगवेगळ्या वेळी पोचणार. काहींना ताजी, काहींना काही महिने जुनी. चाचणी डोस ठरवण्याची होती. डोस वाढवूनही परिणाम वाढला नाही तर दोष रेणूचा की गोळीचा, हे कधीच सांगता आलं नसतं.

तोडगा निघाला तो पहिल्या टप्प्यातल्या कॅप्सूलचा. कोरडी पूड, पाणी नाही, बीजं नाहीत. चाचणी त्या कॅप्सूलवर सुरू करायची आणि गोळी मागून आणायची. मोठ्या डोसला रुग्णांना एका वेळी बऱ्याच कॅप्सूल घ्याव्या लागणार होत्या आणि पुढे गोळी आणि कॅप्सूल यांची रक्तातल्या पातळीवर तुलना करणारा वेगळा अभ्यास लागणार होता. वैद्यकीय गट नाराज होता. तरी चाचणी थांबली नाही, आणि बाकी सगळ्या निर्णयांना श्वास घ्यायला वेळ मिळाला तो यामुळेच.

केलेली कृती

रोलर कॉम्पॅक्शन पहिल्या फटक्यात जमलं नाही. सुईसारखी पूड रोलरपर्यंत नीट पोचत नव्हती. औषध आधी दळून घ्यावं लागलं. दळल्याने काही भाग अस्फटिक होण्याचा धोका असतो, म्हणून त्याची वेगळी तपासणी लावली. रोलरचा दाब जास्त ठेवला तेव्हा पट्टी छान आली, पण मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजची दाबून जुळण्याची ताकद तिथेच खर्च झाली आणि गोळ्यांना टोपी सुटू लागली, म्हणजे गोळीचा वरचा थर निघू लागला. दाब कमी करून, क्रॉसकार्मेलोज अर्धं दाण्यांच्या आत आणि अर्धं बाहेर टाकून ते सावरलं.

माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणा बदल वेगळाच होता: लॅक्टोज मोनोहायड्रेट काढून मॅनिटॉल घातलं. मॅनिटॉलमध्ये स्फटिकजल नाही. कार्ल फिशरचा आकडा आता काहीतरी सांगू लागला आणि एक्सआरडीतला गोंधळ कमी झाला. एक्सिपियंट निवडताना दाब, प्रवाह, किंमत सगळं पाहिलं जातं. उद्या काही बिघडलं तर या गोळीत ते दिसेल का, हे कोणी विचारत नाही.

स्वच्छतेचाही प्रश्न निघाला. यंत्रं पाण्याने धुतली जात. धुतल्यावर दळणयंत्राच्या जाळीमागे राहिलेला पांढरा थर खरवडून पाहिला तर तो मुख्यतः हायड्रेट होता. स्वॅबच्या, म्हणजे यंत्र पुसून घेतलेल्या नमुन्याच्या, एचपीएलसी चाचणीत (ती औषध किती उरलं ते मोजते) तो मर्यादेत होता, कारण एचपीएलसीत सगळं आधी विरघळवतात आणि विरघळल्यावर रूप उरत नाही. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलने फिरवायचा आणि जाळ्या उघडून डोळ्यांनी पाहायच्या, असं ठरलं. एवढ्याशा थराने पुढची बॅच बिघडली असती का, हे आम्ही सिद्ध केलं नाही.

परिणाम

नव्या गोळ्या, सील आणि ओलावा शोषणाऱ्या डब्यासह, ॲक्सिलरेटेडच्या सहाव्या महिन्यालाही पहिल्या पायरीतच पास झाल्या. ९ अंशांवर काही नाही. उघड्या बशीत ४० अंश आणि ७५ टक्क्यांवर ठेवलेल्या गोळ्यांत मात्र तिसऱ्या महिन्यात एका नमुन्यात हायड्रेटचा मागमूस दिसला. म्हणजे पाणी काढून टाकल्याने अडथळा परत उभा राहिला, कायमचा नाही. म्हणून 'मूळ बाटलीतच ठेवा' ही सूचना वेष्टनावर आली आणि रुग्णालयांना गोळ्या दुसऱ्या डब्यांत भरू नका असं कळवलं.

निरोगी स्वयंसेवकांमधल्या तुलनेत नवी गोळी आणि कॅप्सूल यांच्या रक्तातल्या पातळ्या एकमेकींच्या जवळ आल्या आणि चाचणीच्या पुढच्या भागात गोळी वापरली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्यातलं रात्रभराचं ढवळणं पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. औषध पाण्यात विरघळत नाही हे ते टाळण्याचं कारण ठरलं, पण रूपांतराला संपूर्ण विरघळावं लागत नाही. अगदी थोडं विरघळत आणि परत स्फटिक होत राहिलं तरी पुरतं. वेट ग्रॅन्युलेशन ठरवताना हा प्रयोग अनिवार्य करावा, हे आता त्या गटाच्या कार्यपद्धतीत आहे. त्यासोबत निर्जल आणि हायड्रेट दोन्ही एकत्र, वेगवेगळ्या प्रमाणातल्या मिथेनॉल-पाण्यात ढवळून कोणतं रूप टिकतं तेही पाहतात. त्यातून कोणत्या आर्द्रतेच्या वर हायड्रेट स्थिर होतो तो बिंदू मिळतो. तो कळला की पॅकिंगची चर्चा अंदाजावर चालत नाही.

औषधाशिवायच्या गोळ्या आणि नुसती पूड, दोन्ही स्टॅबिलिटीच्या कपाटात एका कोपऱ्यात ठेवायला हव्या होत्या. ब बॅचचं विचलन बंद करताना 'ओलं मिश्रण किती वेळ चालतं' याचा डेटा मागायला हवा होता. तो नव्हता, आणि नसल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लॉस ऑन ड्राइंगचा आकडा चांगला होता. डिसइंटिग्रंट बदलण्याचे आठवडे टाळता आले असते का? तक्त्यातली ती एक ओळ मोठ्याने वाचून दाखवली असती तर कदाचित.

एका मुद्द्यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. कच्च्या औषधात हायड्रेटची कमाल मर्यादा ठरवावी का? आयसीएचच्या क्यू६ए मधला निर्णयवृक्ष विचारतो की रूपबदलाने गोळीच्या कामगिरीवर परिणाम होतो का, आणि गोळीची कामगिरी तपासणारी चाचणी तो पकडते का. आमची डिसोल्यूशन पद्धत पकडते, म्हणून वेगळी मर्यादा नको, असं फॉर्म्युलेशन गटाचं म्हणणं. आमचं म्हणणं असं की डिसोल्यूशन तीन महिन्यांनी पकडतं, बीज मात्र पहिल्या दिवशी असतं, आणि पहिल्या दिवशी दोन टक्क्यांच्या खालचं बीज आमच्या यंत्रालाही खात्रीने दिसत नाही. तूर्त प्रत्येक लॉटचा एक्सआरडी 'माहितीसाठी' म्हणून नोंदवला जातो, मर्यादेशिवाय. तिसऱ्या टप्प्याच्या अर्जाआधी ते ठरवावंच लागेल.